बिनतुपाचे वरण

मथुताई लेल्यांच्या घरी वरणभातावर तूप मिळत नसे. काशीतल्या मराठी घरांत ही गोष्ट चारचौघांत बोलली जाण्याइतकी मोठी होती. दूधविनायकाच्या गल्लीत दुपारी कढणाऱ्या लोण्याचा वास एका खिडकीतून निघाला की समोरच्या खिडकीत शिरतो, इतक्या त्या खिडक्या जवळजवळ आहेत. तो खमंग, किंचित करपट वास मथुताईंच्या खिडकीतूनही येई. म्हणजे तूप कढत होते. पानात मात्र येत नव्हते.

मी एकदा विचारलेच. शाळेला सुटी होती, त्यांनी जेवायला ठेवून घेतले होते. पिवळ्याधमक वरणाकडे बघत मी म्हटले, "मथुताई, तूप विसरलात."

"विसरले नाही. आहे, पण ठेवलेलं आहे."

"कशासाठी?"

"लागेल." मग लिंबाची फोड पानात टाकत त्या म्हणाल्या, "तू आपलं लिंबू पिळ आणि चूपचाप जेव."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाट्याच्या मागे, चिनीमातीची एक बरणी होती. आमच्याकडे पन्नास माणसांचे लोणचे मावेल एवढी. तोंडाला पांढरे फडके, त्यावर सुतळीचे चार वेढे. तिथे बसले की जुन्या तुपाचा जड, थोडा उग्र वास अंगावर रेलल्यासारखा वाटे.

शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो. मी संस्कृत, त्या भूगोल. मुली त्यांना लेले बहनजी म्हणत. शिडशिडीत बांधा, कोपरापर्यंतचे पोलके, बोटांच्या पेरांत कायमचा बसलेला खडू. खडू न उचलता त्या भारताचा नकाशा काढीत, आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेला येऊन मिळाली की मुली टाळ्या वाजवत. भूमध्य समुद्र शिकवताना मात्र एक गंमत होई. सगळे किनारे नीट उतरत, आणि सिसिलीच्या खाली माल्टाचा ठिपका द्यायची वेळ आली की त्या खडू इतका दाबून धरीत की तो तिथे हमखास मोडे. पुढच्या बाकावरच्या मुली आधीच दुसरा खडू हातात घेऊन बसलेल्या असत.

सहलीला त्या नेहमी सर्वांत मागून चालत. मोजायची त्यांची पद्धत वेगळी होती. नुसते बोट दाखवून मोजत नसत. प्रत्येक मुलीच्या वेणीला हात लावीत, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणत. सारनाथला बस सुटताना मी म्हटले, "मथुताई, आपण दोघी धरून अठरा."

"मला धरायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला कोण शोधायला येणार आहे? सतरा."

हसून बोलल्या होत्या. मीही हसले होते.

लग्न होऊन आठ महिने झाले आणि त्यांचे यजमान अनंतराव जहाजावर नोकरीला गेले. दोन वर्षे पत्रे आली. मग एक चित्रकार्ड आले. मधाच्या रंगाच्या दगडी तटबंदीखाली निळे बंदर, पाठीमागे दोन ओळी. त्यानंतर जहाजाच्या कंपनीचे टंकलिखित पत्र: माल्टाच्या बंदरावर उतरला, परत चढला नाही. पुढे काही नाही. ते कार्ड शाळेच्या ॲटलासमध्ये भूमध्य समुद्राच्या पानावर असे. त्या पानाचा कोपरा अंगठ्याने घासून कापडासारखा मऊ झाला होता.

घरात उरले ते सासरे, तात्या. अमृतराव घाटावर पाठशाळेतल्या मुलांना त्यांनी चाळीस वर्षे याज्ञिकी शिकवली. साठी उलटल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे देह पडेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. पुढे पुढे तर गल्लीही ओलांडेनासे झाले. त्यांना काहीही विचारले, अगदी पापड कधी घालावेत हे विचारले तरी ते म्हणत, "पोथी आण." पोथी आली की चष्मा पुसत, पान उलटत, आणि जे सांगायचे ते न वाचताच सांगत. मथुताई त्यांना वाढून मग शाळेत येत, मधल्या सुटीत धावत जाऊन औषध देऊन येत. सासऱ्याचा सुनेवर जीव होता. उन्हाळ्यात ती शाळेतून येण्याच्या वेळेला ते स्वतः माठातले पाणी गाळून ठेवीत, वर वाळ्याची काडी.

शास्त्र असे की, बारा वर्षे पत्ता लागला नाही तर माणूस गेला असे धरायचे. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा करायचा. बारा उलटून वर काही महिने झाले, तसे गल्लीतले लोक तात्यांना सुचवू लागले. तात्या म्हणत, "घाई काय आहे? बघू." हे आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. आणि मग शहरात कर्फ्यू लागला होता त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका आठवड्यात, ते एकाएकी तयार झाले. येत्या अमावास्येला, म्हणाले. पोथीही मागितली नाही.

पळसाची पाने गंगेच्या पाण्याने मथुताईंनी धुतली. तीनशेसाठ. मी पुसून देत होते. एरवी ह्याच पानांच्या पत्रावळी आम्ही पंगतीला मांडतो. ओल्या पानांचा तुरट, कोवळा वास हाताला लागून राहिला होता. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, लोकरीच्या धाग्याने पाने बांधली, वरून जवाच्या पिठाचा लेप दिला. दुपारपर्यंत घाटाच्या दगडी चौथऱ्यावर एक माणूस निजलेला दिसू लागला. मथुताई त्याच्याकडे बघत होत्या. मग अगदी वर्गात शंका विचारावी तशा सुरात त्यांनी विचारले, "तात्या, आणि हे परत आले तर?"

जमलेले लोक चपापले. तात्यांनी वर पाहिले नाही. "त्याचंही सांगितलेलं आहे. आकंठ तुपात बुडवून बाहेर काढायचा. नवा जन्म. पुन्हा बारसं, पुन्हा मुंज."

"आणि बायको?"

"त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

मथुताईंनी मान हलवली. पुरुष मंडळी तो पानांचा माणूस उचलून मणिकर्णिकेकडे गेली. बायका गंगेवर आंघोळ करून घरी आल्या. मंगळसूत्र मथुताईंनी स्वतःच काढले आणि देवघरात ठेवले. कुंकू पाण्यानेच गेले होते.

बरणी त्याच आठवड्यात आली असावी. मला ते कळायला तीन वर्षे लागली.

तेव्हा मला वेगळेच काहीतरी कळले होते. मी मंगळागौरीच्या देवळापाशी राहते, आणि तिथून शाळेकडे जाताना गल्लीला एक वळण आहे. तिथे एक बंद दार, दारासमोर एक पायरी. त्या पायरीवर मथुताई रोज सकाळी क्षणभर थांबत. पिशवीतून इवली डबी काढीत, बोटाने मेण लावीत, मेणावर कुंकू टेकवीत, आणि झाकणातल्या टिचभर आरशात बघून पुढे निघत. संध्याकाळी त्याच वळणावर पदराचे टोक सार्वजनिक नळाखाली धरून ते पुसून टाकीत. घरी पांढरे कपाळ, शाळेत लाल. कुंकू निघाले तरी मेण राही. संध्याकाळच्या दिव्यात त्यांच्या कपाळावर एक गोल चकाकत असे. तात्यांना तेव्हा चांगले दिसत होते. गल्लीलाही दिसत होते. कोणी काही बोलले नाही, आणि काशीत हे नवल आहे.

पुण्याचा माझा मामेभाऊ श्रीपाद इतिहासाची आवड असलेल्या लोकांना सहलीला नेत असे. गर्दी नाही, फार तर दहा माणसे. त्या वर्षी त्याने माल्टा ठरवले आणि आयत्या वेळी एक जोडपे गळले. "ताई, तू येतेस का? कोणी सोबत असेल तर आण," असे त्याचे पत्र आले. मी ते शिक्षिकांच्या खोलीत सहज वाचून दाखवले. मथुताईंनी हातातला डबा बंद केला. "मी येते," म्हणाल्या. बाकी काही विचारले नाही.

पासपोर्टच्या अर्जाने मात्र त्यांना पंधरा दिवस अडवले. विवाहित की विधवा, एका चौकटीत खूण करायची होती. विधवा लिहावे तर मृत्यूचा दाखला हवा, आणि पळसाच्या पानांचा दाखला कोण देणार? शेवटी त्यांनी 'विवाहित' वर खूण केली आणि मला दाखवली. "बघ शैला. शास्त्रानं विधवा, सरकारनं सवाष्ण. आता कुणाचं ऐकू?"

तात्यांना सांगायला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. तात्या आरामखुर्चीत होते.

"बेटावर जायचं म्हणता. बेटावर बघायचं काय? पाणीच ना? ते आपल्याकडे आहे की."

"जुनी देवळं आहेत, तात्या. पाच हजार वर्षांची."

"कुठलं बेट?"

मथुताईंनी नाव सांगितले. तात्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर फिरत होता तो थांबला. मग म्हणाले, "पाणी दे." पाणी प्यायले, आणि समुद्र ओलांडू नये एवढेही म्हणाले नाहीत. त्या बापाच्या गळ्याशी मुलाचे नाव आले असेल, असे वाटून मला भरून आले होते.

अकरा दिवस माझ्या सासूबाई तात्यांना डबा पाठवणार होत्या. आम्ही निघालो.

त्या बेटाचा रंग अजून डोळ्यांसमोर येतो. सगळे एकाच दगडाचे. सकाळी ताकाच्या, दुपारी हळदीच्या, संध्याकाळी मधाच्या रंगाचे. हवेत मीठ, डिझेल आणि उन्हाने तापलेल्या ओव्यासारख्या कुठल्याशा रानटी झुडपाचा वास. आम्ही नऊ जण होतो. मथुताई सवयीने मागून चालत आणि प्रत्येक ठिकाणी माणसे मोजत. श्रीपाद म्हणे, "लेलेताई, मोजणं माझं काम आहे हो!" त्या म्हणत, "तुमचं चालू द्या. आठ."

"नऊ."

"माझी आठच पद्धत आहे."

कपाळावर सकाळी लावलेले कुंकू तिथे संध्याकाळी पुसायचे नव्हते. पहिल्या दिवशी हॉटेलात शिरताना त्यांचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी दुसरीकडे पाहिले.

त्या बघत होत्या ते देवळांकडे कमी आणि माणसांकडे जास्त. बसचा ड्रायव्हर, कोळी, बाकावर बसलेले म्हातारे. प्रत्येक सावळ्या चेहऱ्यापाशी त्यांची नजर क्षणभर टेके. तरी बोलणे तिखटच. जमिनीखालच्या जुन्या दफनखोल्यांत एकाच कातळातून कोरलेली गोल मेजे होती. गाईड म्हणाली, मेलेल्यांच्या नावाने नातलग इथे जेवत. मथुताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "घे. ह्यांच्यातही तेरावं. तूप वाढत असतील का गं?" त्या अंधाऱ्या, ओलसर थंडीत मला हसू आले आणि लगेच अंगावर काटा आला. एका चर्चला दोन घड्याळे होती, त्यांतले एक चुकीची वेळ दाखवणारे, नुसते रंगवलेले. सैतानाला चकवायला म्हणे. मथुताई खाली उभ्या राहून दोन्ही घड्याळांकडे बघत राहिल्या. "एक खरं, एक खोटं," म्हणाल्या. "देवाला चालतं तर."

चौथ्या दिवशी राजधानीतले मोठे चर्च होते. आत सोन्याचा नुसता कल्लोळ, आणि जमीन सगळी थडग्यांची. रंगीत संगमरवरी सरदारांच्या समाध्या एकीला एक लावून, त्यांवर कोरलेले सांगाडे. त्यांच्यावरूनच चालायचे. मथुताई उंबऱ्यावर थबकल्या. "मी नाही पाय देणार," म्हणाल्या. "खाली माणसं आहेत." गट पुढे गेला. मी त्यांच्याबरोबर बाहेर आले.

आम्ही एका उतरत्या, पायऱ्यांच्या रस्त्याने समुद्राच्या बाजूला निघालो. दोन्ही बाजूंना हिरव्या लाकडी सज्ज्यांची उंच घरे. आणि तिथे, त्या परक्या मिठाच्या वाऱ्यात, उदबत्तीचा वास आला. चंदनाची, ओलसर, अगदी आपल्याकडची. मथुताई कुत्र्याने कान टवकारावेत तशा थांबल्या. वास एका कापडाच्या दुकानातून येत होता.

गल्ल्यावर एक वृद्ध सिंधी शेठ होते. आम्हाला साडीत पाहून ते उठूनच उभे राहिले. बसायला स्टुले दिली, पाणी दिले. कुठून आलात, विचारले. मी म्हटले, बनारस.

"बनारस!" त्यांचा चेहरा उजळला. "अरे, बनारस का तो एक लड़का था हमारे यहाँ. पंडित का बेटा."

मथुताईंनी समोरच्या कापडाच्या तागावर हात ठेवला. "नाम?"

"अनंत. हम तो अंतू बोलते थे. जहाज़ छोड़कर उतर गया था, कहता था दम घुटता है. दस-ग्यारह साल इसी दुकान पर बैठा. फिर यहीं की लड़की से शादी की. तीन साल हुए, ससुराल वालों के साथ ऑस्ट्रेलिया निकल गया. बड़ा सीधा लड़का. आप जानती हैं उसे?"

दुकानात पंखा फिरत होता. लटकवलेल्या कापडांची टोके एकदम उचलत आणि एकदम पडत होती. मथुताईंचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ आला.

"पड़ोस में रहते थे."

"तो फिर एक काम कीजिए." शेठांनी झूलेलालच्या तसबिरीखालचा खण उघडला. "जाने से पहले उसने घर चिट्ठी लिखी थी. बाप का जवाब आया. पढ़कर फेंक दी. मैंने उठा ली. ऊपर 'श्री' लिखा है, कूड़े में कैसे जाने दूँ? पंडितजी हों तो उन्हें लौटा दीजिए."

निळसर हवाईपत्र. मथुताईंनी उभ्यानेच वाचले, मग माझ्याकडे दिले. सही नव्हती. सहीची गरजही नव्हती, ते वळणदार टपोरे अक्षर गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते.

"॥ श्री ॥ तुझे पत्र पावले. तेथे संसार मांडलास ते कळले. मथूस सांगावे म्हणून लिहिलेस, ते माझ्याने होणार नाही. येत्या अमावास्येस तुझा पालाशविधी करीत आहे. यानंतर पत्र पाठवू नये. मृताचे पत्र घरी येणे बरे नव्हे."

मथुताईंनी ते माझ्या हातून घेतले, जुन्याच घड्यांवर घडी घातली, पिशवीत ठेवले. शेठना नमस्कार केला. त्यांनी आग्रहाने दिलेला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. बाहेर येऊन चर्चच्या पायऱ्यांपाशी त्यांनी परत आलेल्या माणसांना मोजले. श्रीपाद म्हणाला, "किती झाले, लेलेताई?"

"नऊ," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आम्हाला कोळ्यांच्या बंदरावर नेले. पिवळ्या-निळ्या होड्या, आणि प्रत्येक होडीच्या नाळेवर रंगवलेले दोन डोळे. पाण्याला तेलाचा तवंग. मथुताई धक्क्याच्या कडेला बसल्या, मी शेजारी.

"मी तूप साठवत होते गं," त्या म्हणाल्या. "आकंठ म्हणजे किती, ते मला ठाऊक नव्हतं. ह्यांची उंची आठवून आठवून अंदाज करायची. मग उंचीही नीट आठवेना."

पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

"दोघांनी मिळून ठरवलं. एकानं लिहिलं, एकानं जाळलं." डोळे रंगवलेली एक होडी हेलकावत होती. "आणि पानं मी धुतली, शैला. माझ्याकडून धुवून घेतली."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी प्रसाद म्हणून बेटावरची खडीसाखर द्यायला मी तात्यांकडे गेले. मथुताई त्यांच्या पायांशी बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या कपाळावर कुंकू होते. घरात. तीन वर्षांनी. तात्यांचे डोळे त्या वर्षी मोतीबिंदूने बरेच गढुळले होते. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते.

"तात्या," खडा वेचत मथुताई म्हणाल्या, "परत आलेल्या माणसाला तुपात बुडवतात ना? किती तूप लागतं?"

मी तात्यांकडे पाहिले. आता पोथी मागतील असे वाटले. त्यांनी मागितली नाही. खिडकीतून समोरच्या घरातल्या फोडणीचा वास येत होता. ते म्हणाले, "माणूस बुडेल इतकं."

"मग पुरणार नाही," मथुताई म्हणाल्या आणि तांदळात बोटे फिरवत राहिल्या.

त्यानंतरचे दहा महिने मी कसे सांगू? त्या घरात आवाज चढला नाही. तात्यांचे औषध चुकले नाही, मऊ भात चुकला नाही, गुरुवारी पाठीला तेल लावायचे चुकले नाही. फक्त मथुताई त्यांच्या समोर बसत, अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून, आणि घास भरवत. वळणावरच्या पायरीवर थांबणे बंद झाले. कुंकू आता घरातच लागे आणि दर आठवड्याला थोडे मोठे होई. आधी टिकलीएवढे, मग नाण्याएवढे. मी एकदा म्हटले, "मथुताई, पुरे आता. म्हातारा माणूस आहे."

"मी काय करते?" त्या म्हणाल्या. "जेवू घालते. सवाष्ण सून जेवू घालते. अजून काय पाहिजे म्हाताऱ्याला?"

त्या बोलण्याची मला भीती वाटली. त्या वाळत चालल्या होत्या. शाळेत नकाशा काढताना शेवटची रेघ पहिलीला मिळत नसे. मुली टाळ्या वाजवायच्या थांबल्या.

एका दुपारी मी होते. त्या घास पुढे करत होत्या. तात्यांनी तोंड उघडायच्या ऐवजी हात वर केला, चाचपडत मथुताईंच्या कपाळापर्यंत नेला. बोट कुंकवावर टेकले. ते बोट त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ धरले. पांढुरक्या बुबुळांपुढे लाल बोट. मला तेव्हा कळले की ते कुंकू आजवर त्यांना दिसलेच नव्हते.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"माल्ट्याहून आल्यापासून."

"म्हणजे कळलं तुला."

"तुमचं पत्र आणलंय. वाचून दाखवू?"

"पाठ आहे." त्यांचे बोट तसेच हवेत होते. मग ते हळू म्हणाले, "तुला सांगायचं म्हणून तीनदा पोथी उघडली, मथू. सांगायचं कसं ते कुठं लिहिलेलं नाही. मारायचं कसं ते होतं."

मथुताईंच्या हातातला घास भातावर पडला. त्यांनी तो पुन्हा कालवला. "आ करा," म्हणाल्या.

तात्यांनी आ केला. ते बोट त्यांनी पुसले नाही. संध्याकाळी मी निघाले तेव्हाही ते तसेच लाल होते, मांडीवर, उताणे.

पावसाळा संपता संपता तात्या गेले. काशीत, आपल्या खाटेवर, तोंडात गंगा आणि तुळस. क्षेत्रसंन्यास पुरा झाला. सकाळची वेळ होती. शेजारच्या गल्लीतला पुतण्या अग्नी द्यायला आला, माझे यजमान आणि पाठशाळेची मंडळी जमली. अंगणात ओल्या बांबूंचा वास. भिंतीपाशी बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यातली एक सवयीने हळहळली, "मुलगा असता तर आज."

मथुताई स्वयंपाकघरातून आल्या. कमरेवर ती बरणी होती, त्या एका अंगाला पार कलल्या होत्या. मी धावले. "धरू नकोस," त्या म्हणाल्या. बरणी त्यांनी माझ्या यजमानांच्या पुढ्यात ठेवली आणि सुतळीचे वेढे स्वतः सोडले. फडके निघाले तसा साठ्याचा तो जुना, उग्र, गोड वास अंगणभर झाला. वर पिवळे, खाली पांढरे, तळाशी चार वर्षांपूर्वीचे.

"भाऊजी, हे सगळं चितेत घाला. उरवून आणू नका."

"एवढं लागत नाही हो, वहिनी."

"लागेल," मथुताई म्हणाल्या.

चौघे जण तिरडी घेऊन गेले, पाचव्याने बरणी घेतली. 'राम नाम सत्य है' गल्लीच्या भिंतींना घासत लांब गेले. बायका आंघोळीला निघाल्या. मी मागे वळून पाहिले. मथुताई उंबऱ्यावर बसून पदराच्या ओल्या टोकाने कपाळ पुसत होत्या. कुंकू गेले होते. त्या मेणासाठी पुसत होत्या, नखाने खरवडून, सावकाश, आरशाशिवाय.

"मथुताई, आता कशाला?"

"आता बघायला कोण आहे?" त्या म्हणाल्या, आणि तुपाने माखलेले हात साडीला पुसून माझ्याबरोबर घाटाच्या पायऱ्या उतरू लागल्या. त्या दिवशी प्रथमच त्या माझ्या पुढे चालत होत्या.